साडेपाच वर्षांतील कोणती वर्षे कापायची?

कुटुंबवैद्य म्हणजे घरातील माणसांना वर्षानुवर्षे ओळखणारा आणि कोणत्याही दुखण्यात ज्याच्याकडे प्रथम जावे असा सर्वसाधारण डॉक्टर. अशा डॉक्टरांची उणीव भरून काढण्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची मुदतच कमी करावी, हा विचार भारतात काही वर्षांच्या अंतराने नव्या नावाने पुढे येत राहतो. २०१० मध्ये तो ग्रामीण वैद्यक पदवीच्या रूपाने आला, २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या सामुदायिक आरोग्याच्या विज्ञान पदवीच्या रूपाने आला, आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ या मर्यादित परवान्याच्या वर्गासाठी जागा ठेवली गेली. २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी तीन वर्षांच्या पदविकेची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या बाजूने आणि विरुद्ध झालेले युक्तिवाद बहुतेक जुनेच होते.

तथापि आखूड अभ्यासक्रमाच्या बाजूचा हा पूर्वपक्ष पोकळ नाही. आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेऊन १९४६ मध्ये अहवाल दिलेल्या भोर समितीच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास ३०,००० डॉक्टर लायसेन्शिएट, म्हणजे विद्यापीठाच्या पदवीपेक्षा आखूड अभ्यासक्रम पुरा करून व्यवसायाचा परवाना मिळवलेले होते; मुंबई इलाख्यात ‘एलसीपीएस’ ही अक्षरे दवाखान्यांच्या पाट्यांवर पुढेही कित्येक वर्षे दिसत राहिली. समितीने हा वर्ग बंद करून ‘मूलभूत डॉक्टर’ या एकाच प्रकाराची शिफारस केली, आणि त्या वेळी काही सदस्यांनी आपले भिन्न मत नोंदवले होते. ज्या देशात डॉक्टरांचा मोठा हिस्सा आखूड शिक्षणाचा होता तेथे ती वाट एका शिफारशीने बुजवली गेली आणि खेडी उघडी पडली, असे आजचे पूर्वपक्षी म्हणतात. त्यांच्या हाती त्याहून भक्कम पुरावा आहे तो छत्तीसगडचा. त्या राज्याने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, तो काही वर्षांतच बंद पडला, पण त्यातून बाहेर पडलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करू लागले. आणि २०१० च्या एका तौलनिक पाहणीत, हिवताप, क्षय, न्यूमोनिया, अतिसार अशा परिचित आजारांच्या कल्पित रुग्णकथा समोर ठेवल्या असता, हे सहायक एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे ठरले.

या पुराव्याला डॉक्टरांच्या संघटना देतात ते उत्तर अपुरे आहे. खेड्यातील माणसाला दुय्यम डॉक्टर देणे हा अन्याय आहे, हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते. पण ज्या गावात आज कोणताच प्रशिक्षित डॉक्टर नाही, तेथील रुग्णाची निवड पूर्ण शिकलेला आणि अर्धा शिकलेला यांच्यात नसून अर्धा शिकलेला आणि मुळीच न शिकलेला यांच्यात असते. शिवाय या विरोधात व्यवसायाच्या कुंपणाची काळजी किती आणि रुग्णाची किती, हा प्रश्न विचारला जाणारच. म्हणून आखूड अभ्यासक्रमाचे खंडन दुसऱ्या पायावर करावे लागते.

तो पाया म्हणजे कुटुंबवैद्याच्या कामाचे स्वरूप. कमी मुदतीत शिकलेली माणसे उत्तम काम करतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारशा न शिकलेल्या स्त्रियांना ग्रामआरोग्यसेविका म्हणून घडवले, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तेथे काम आखलेले होते: अमुक लक्षण दिसले की तमुक करायचे, आणि त्यापलीकडचे दिसले की पुढे पाठवायचे. एक काम पूर्ण शिकवणे ही एक गोष्ट आहे आणि प्रत्येक काम अर्धे शिकवणे ही अगदी दुसरी. कुटुंबवैद्यासमोर येतो तो अविभेदित आजार, म्हणजे ज्याला अजून नाव मिळालेले नाही असे दुखणे. पोटाच्या वरच्या भागात जळजळते म्हणून आलेल्या पन्नाशीच्या माणसाला पित्त झाले आहे की हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका आला आहे? पावसाळ्यात कोकणातील तापाच्या रुग्णाला डेंगी आहे, लेप्टोस्पायरोसिस आहे की साधा विषाणूज्वर? आणि दोडामार्गच्या वा पलीकडे गोव्यातील सत्तरीच्या काजूबागेत काम करणाऱ्याचा ताप गोचिडीमुळे होणारा माकडताप तर नाही ना, हे ठरवायचे असते ते पहिल्याच भेटीत, बहुधा यंत्राविना. तज्ज्ञाकडे रुग्ण गाळून जातो, कुटुंबवैद्याकडे तो न गाळलेला येतो. ज्याला सर्वांत रुंद ज्ञान हवे त्यालाच सर्वांत आखूड शिक्षण पुरेल, हे गृहीतक म्हणूनच उलटे आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाने माणसे दगावताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांना त्यांच्या फुप्फुसांत पाणी साचत असल्याचे दिसले आणि त्यातून पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार आला. असा माणूस विरळा, हे खरे; पण जे दिसले त्याचा अर्थ लावायला लागणारे शरीरक्रियाशास्त्र तरी सर्वांना शिकवावेच लागते.

मग छत्तीसगडच्या पाहणीचे काय? तिच्यातून दोन अनुमाने निघतात. एक, तीन वर्षे पुरतात. दुसरे, एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांतील वरची अडीच वर्षे प्राथमिक केंद्रातील कामात फारशी भर घालत नाहीत. पूर्वपक्ष पहिले अनुमान उचलतो, वास्तविक दुसरे अधिक सयुक्तिक आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी शिकतो ते मोठ्या शिक्षण-रुग्णालयात, विशेषज्ञांच्या हाताखाली, गाळून आलेल्या रुग्णांवर. बहुतेक महाविद्यालयांत कुटुंबवैद्यक नावाचा विभागच नसतो, आणि प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग असला तरी तो प्रामुख्याने साथी, लसीकरण आणि आकडेवारीचा असतो. आपण व्हावे असा एकही सर्वसाधारण डॉक्टर शिक्षक म्हणून न पाहता तो पदवीधर होतो. त्यात आंतरवासितेचे वर्ष, म्हणजे पदवीपूर्वीची बारा महिन्यांची सक्तीची प्रत्यक्ष सेवा, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीने गिळलेले असते, आणि पुढची एक-दोन वर्षे पुन्हा त्याच परीक्षेसाठी रुग्णापासून दूर, बहुपर्यायी प्रश्नांच्या संगतीत जातात. वाया जाणारी वर्षे शोधायची असतील तर ती येथे आहेत.

आखूड पदवीने पुढच्या पदवीसाठीची ही रांग तुटत नाही, फक्त तिची सुरुवात अलीकडे सरकते. स्वातंत्र्यानंतर लायसेन्शिएटांसाठी संक्षिप्त एमबीबीएस काढावे लागले. छत्तीसगडचे विद्यार्थी पदविकेचे नाव वारंवार बदलल्यावर रस्त्यावर उतरले. महाराष्ट्रात होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आला, त्यापाठोपाठ नोंदणीचा वादही आला. ज्याला तू अर्धा डॉक्टर आहेस असे सांगितले जाते तो उरलेला अर्धा मागतो, आणि ती मागणी रास्तच असते. कॅनडातील मॅकमास्टर आणि कॅलगरी या विद्यापीठांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम या वादात दाखला म्हणून दिला जातो, पण तेथे उन्हाळी सुट्ट्या काढून अवधी घट्ट केलेला आहे, आणि पदवीनंतर कुटुंबवैद्यकाचे दोन वर्षांचे निवासी प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणी कुटुंबवैद्य होत नाही. सुट्टी कापणे म्हणजे शिक्षण कापणे नव्हे, एवढाच त्या दाखल्याचा अर्थ.

म्हणून मंडन करायचे ते शिक्षणाची जागा बदलण्याचे. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयाच्या एमबीबीएस पदवीधराला एक वर्ष ग्रामीण सेवेचे बंधपत्र पाळावे लागते. तेथे त्याला शिकवणारे कोणी नसल्याने ते वर्ष त्याला शिक्षेसारखे वाटते. हेच वर्ष कुटुंबवैद्यकाच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचे पहिले वर्ष मानावे, ग्रामीण रुग्णालयाला त्या शाखेचा मान्यताप्राप्त शिक्षक द्यावा, आणि पदव्युत्तर पात्रतेला साजेशी वेतनश्रेणी व बढतीची वाट आखून द्यावी. एवढ्याने विद्यार्थ्याचे एक वर्ष खरोखर वाचते, आणि ते कोणत्याही रुग्णाच्या वाट्यातून कापलेले नसते. अडचण आहे ती पहिल्या पिढीच्या शिक्षकांची. पण तालुक्याच्या गावी तीस-तीस वर्षे दवाखाना चालवलेले डॉक्टर राज्यात शेकड्यांनी आहेत, आणि वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना आजवर व्याख्यानालादेखील क्वचितच बोलावले आहे.