नाताळ : एका शब्दाचे गणगोत

डिसेंबर महिना लागला, की अमरावती-अकोल्याकडील शाळांतून ‘नाताळची सुटी’ हे शब्द मुलांच्या तोंडी वरचेवर येऊ लागतात. ‘नाताळ’ हा शब्द परकीय आहे, त्याच्या जागी एखादा देशी शब्द योजावा, असे काही भाषाभिमानी मंडळींना वाटते. त्यांचा हेतू चांगला असेल; परंतु शब्दाला परका ठरविण्यापूर्वी त्याचे कुळ विचारणे न्यायाचे होईल.

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. त्यांच्या भाषेतून ‘पगार’, ‘चावी’, ‘बटाटा’ हे शब्द मराठीत आले, तसाच ‘नाताल’ही आला. मराठीने त्याच्या ‘ल’चा ‘ळ’ करून त्याला आपल्या घरचे वळण लावले. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘नातालिस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘जन्मासंबंधीचा’. २५ डिसेंबर हा येशू ख्रिस्ताचा जन्मदिन म्हणून पाळला जातो. म्हणून त्या सणाला हे नाव मिळाले. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाला दक्षिण आफ्रिकेचा एक किनारा दिसला. त्याचे नावही त्याने ‘नाताल’च ठेवले. पुढे १८९४ मध्ये गांधीजींनी ‘नाताल इंडियन काँग्रेस’ ही संस्था स्थापन केली, ती याच प्रदेशात.

फ्रान्समध्ये या सणाला ‘नोएल’ म्हणतात. कानाला हा शब्द अगदी निराळा वाटतो. पण तोही ‘नातालिस’चेच अपत्य आहे. एका मुखातून दुसऱ्या मुखात जाताना शब्दाचे रूप पालटते. वऱ्हाडातील खेड्यांत ‘पोळा’ या शब्दाचा ‘पोया’ होतो आणि ‘डोळा’ या शब्दाचा ‘डोया’ होतो, तसेच हे.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला. त्याचे जुने रूप ‘ग्नातुस’. संस्कृतमध्ये ‘जात’ म्हणजेही जन्मलेला. हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असे भाषापंडितांनी दाखवून दिले आहे. म्हणजे ‘नाताळ’ आणि ‘जन्माष्टमी’तील ‘जन्म’ हे एकाच कुळातील ठरतात. ज्याला परका म्हणून दाराबाहेर ठेवावयाचे, तो दूरचा आप्तच निघाला!

आणि असे नाते निघाले नसते, तरी काय बिघडले असते? ‘बटाटा’ या शब्दाचे मराठीशी असे काही नाते नाही. पण त्याला आज कोणी परका म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जो शब्द लोकांच्या सुखदुःखात वावरला, तो त्यांचाच झाला. भाषेचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र त्या अभिमानाने घरच्या माणसाला घराबाहेर काढू नये.