चीनचे पहिले दर्शन आणि पेणची भातजमीन

चीनला प्रथमच जाऊन आलेला माणूस थक्क झालेले मन घेऊन परततो आणि त्या मनाबरोबर एक तुलनाही घेऊन येतो. ग्वांगचौच्या व्यापारी मेळाव्याला गेलेला व्यापारी असो, वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी गेलेला विद्यार्थी असो, की सहलीबरोबर बीजिंग-शांघाय पाहून आलेले निवृत्त शिक्षक दांपत्य असो, त्यांचे सांगणे बहुधा एकाच वळणावर जाते. पंचेचाळीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे वेगवान रेल्वेचे जाळे, आरशासारखी स्थानके, डोंगर पोखरून सरळ काढलेले रस्ते. आणि परतल्यावर कोकणातल्या आपल्या गावी निघावे, तर वाटेत वडखळ नाका. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दीड दशक रेंगाळले. त्या रस्त्यावर अडकून पडलेल्या प्रवाशाच्या तोंडून उद्गार निघतो, ‘तेथे एकदा ठरले की ठरले. आपल्याकडे हे होणे नाही.’

उद्गार स्वाभाविक आहे. त्यामागचा संतापही खोटा नाही. परंतु या उद्गाराच्या पोटात एक निष्कर्ष दडलेला असतो, की कामे होण्यासाठी विरोध करणारी माणसे नसावीत, न्यायालये आड येऊ नयेत, ग्रामसभेला विचारावे लागू नये. खाजगी प्रवाशाचा हा निष्कर्ष त्याच्या घरापुरता राहतो. पण राज्यकर्ते आणि नियोजनकार चीन पाहून येतात, तेव्हा त्यांच्या पहिल्या दर्शनाचे धोरण बनते आणि ते धोरण कोणाच्या तरी शेतात येऊन उतरते. स्वातंत्र्योत्तर काळात असे निदान दोनदा घडले. त्यांतील दुसऱ्या वेळी ते शेत वडखळच्या शेजारी, पेण तालुक्यातच होते. म्हणून चीन पाहावा कसा, हा प्रश्न येथील वाचकाला दूरचा वाटू नये.

१९५६ ची पाहणी

१९५६ मध्ये भारत सरकारने चीनमधील शेतीचा अभ्यास करण्यासाठी दोन शिष्टमंडळे धाडली. सहकारी शेतीची पाहणी करणाऱ्या मंडळाचे नेतृत्व नागपूरच्या आर. के. पाटील यांच्याकडे होते. सनदी नोकरी सोडून स्वातंत्र्यचळवळीत आलेले आणि पुढे पहिल्या नियोजन मंडळाचे सदस्य झालेले पाटील हे भाबडे प्रवासी नव्हते. जमिनीचा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. तरीही मंडळाच्या बहुमताने जो अहवाल दिला, त्यात चीनच्या सहकारी शेतीविषयीचा प्रभाव स्पष्ट उमटला होता. येत्या काही वर्षांत भारतातही दहा हजार सहकारी शेतीसंस्था उभाराव्यात, अशी शिफारस त्यात होती. दोन सदस्यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली. या संस्था खरोखरच शेतकऱ्यांच्या खुशीने उभ्या राहिल्या काय, आणि त्यांच्यामुळे उत्पन्न वाढले हे सिद्ध झाले आहे काय, अशा त्यांच्या शंका होत्या.

या शंका किती रास्त होत्या, हे लवकरच दिसले. जुलै १९५५ मध्ये माओंनी सहकारीकरणाचा वेग वाढविण्याचा आदेश दिला आणि १९५६ अखेर नव्वद टक्क्यांहून अधिक शेतकरी कुटुंबे सहकारी संस्थांत आली. म्हणजे भारतीय पाहुणे गेले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य संस्थांच्या प्रगत रूपाला पुरते वर्षही झाले नव्हते. पाहुण्यांनी पाहिले ते पहिल्या उत्साहाचे, आणि तेही यजमानांनी निवडलेल्या गावांतले चित्र होते. १९५८ मध्ये त्याच संस्था विराट कम्यूनमध्ये विलीन झाल्या, ‘मोठ्या झेपे’ची घोषणा झाली, आणि १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत चीनमध्ये अलीकडच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुष्काळ पडला. त्यात मेलेल्यांचा अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत केला जातो. याच काळात धान्याचे फुगवलेले आकडे वर जात होते आणि ते आकडे खरे मानून सरकार गावोगावचे धान्य उचलून नेत होते. या आकड्यांवर पाहुणेच काय, खुद्द बीजिंगमधील राज्यकर्तेही विसंबले होते.

भारतातही जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. त्यावर देशभर वादळ उठले. चरणसिंह यांच्यासारखे काँग्रेसजन उघडपणे विरोधात गेले. त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष जन्माला आला. ठराव कागदावरच राहिला. या वादाला तेव्हा पुष्कळांनी प्रगतीच्या वाटेतील धोंड म्हटले. पण पुढे डिसेंबर १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातील श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी गुप्तपणे अंगठे उठवून जमीन कुटुंबागणिक वाटून घेतली, आणि चीनच्या राज्यकर्त्यांनी अखेर तीच वाट देशभर मोकळी केली. जे आपल्याकडे सभांतून आणि वृत्तपत्रांतून बोलले गेले, ते बोलायला चिनी शेतकऱ्याला वीस वर्षे लागली, आणि तेही जीव मुठीत धरून.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. विचारस्वातंत्र्याने दुष्काळ टळतो, असे सांगणाऱ्या अमर्त्य सेन यांनीच हेही दाखविले आहे, की आरोग्य आणि साक्षरता यांत चीनने भारताला फार मागे टाकले आणि आपल्याकडे रोजच्या कुपोषणाने होणाऱ्या मृत्यूंचा गाजावाजा होत नाही. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात विरोधी पक्ष, वृत्तपत्रे आणि रोजगार हमी यांनी माणसे जगविली. परंतु गावच्या शाळेची आणि दवाखान्याची आबाळ त्याच लोकशाहीने निमूट सोसली. तेव्हा चीनकडून शिकण्यासारखे काही नाही, असा अहंकारही उपयोगाचा नाही.

शेन्झेन ते पेण

दुसरा प्रसंग अधिक जवळचा आहे. १९८० मध्ये चीनने शेन्झेन, चुहाई, शानतौ आणि शियामेन ही चार विशेष आर्थिक क्षेत्रे निर्माण केली. हाँगकाँगच्या सीमेवरील शेन्झेन हे चाळीस वर्षांत पावणेदोन कोटी वस्तीचे महानगर झाले. ते पाहणाऱ्याचे भान हरपावे, यात नवल नाही. त्या वेळचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन ही क्षेत्रे पाहून आले आणि एप्रिल २००० मध्ये भारताने विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण स्वीकारले. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला.

पाहिले ते खरे होते. पण त्यामागचे न दिसणारे धोरणात आले नाही. चीनने आरंभी मोजकी चार क्षेत्रे निवडली, आणि तीही हाँगकाँग, मकाव व तैवान यांच्या समोरच्या किनाऱ्यावर, जेथे भांडवल आणि व्यापारी ओळखी हाताशी होत्या. भारताने पाहता पाहता शेकडो प्रस्तावांना मंजुरी दिली. चीनमध्ये जमीन सरकारची किंवा गावाच्या सामूहिक मालकीची. भारतात ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याची. नक्कल इमारतींची होऊ शकते, जमिनीच्या इतिहासाची होत नाही.

आणि कोकणातील जमिनीला इतिहास मोठा आहे. वडखळहून अलिबागच्या वाटेवरच्या चरी गावात १९३३ मध्ये खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो १९३९ पर्यंत टिकला. नारायण नागू पाटील यांनी तो चालविला आणि डॉ. आंबेडकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. समुद्राचे पाणी बांध घालून थोपवावे, खारटपणा धुऊन काढावा आणि मग भात पिकवावे, अशी पिढ्यानपिढ्यांची मेहनत या पट्ट्यातील शेतांत जिरली आहे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील ४५ गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे ठरले, तेव्हा या मेहनतीचा हिशेब कोणत्याही आराखड्यात नव्हता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने आंदोलन उभे राहिले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत शेतकऱ्यांचे सार्वमत घेण्यात आले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, असे शेतकऱ्यालाच मतपत्रिकेवर विचारण्याचा तो देशातला अपूर्व प्रयोग होता. निकाल सरकारने रीतसर जाहीर केला नाही. परंतु कौल विरोधात गेल्याचे लपून राहिले नाही. पुढे भूसंपादनाची मुदत उलटली आणि प्रकल्प बारगळला.

याच्या शेजारी ग्वांगडुंग प्रांतातील वुकान गावाची हकिकत ठेवून पाहावी. गावची जमीन स्थानिक अधिकाऱ्यांनी परस्पर विकली, म्हणून २०११ मध्ये तेथील गावकरी उठले. काही काळ त्यांची सरशी झाली. २०१२ मध्ये त्यांना आपली समिती निवडता आली. पण जमीन फारशी परत मिळाली नाही, आणि २०१६ मध्ये त्यांनी निवडून दिलेला वृद्ध प्रमुख तुरुंगात गेला. सहलीच्या कार्यक्रमात शेन्झेन असते, त्याच प्रांतातले वुकान नसते. ‘तेथे एकदा ठरले की ठरले’ याचा अर्थ काय, हे मात्र वुकानमध्येच कळते.

अर्थात सार्वमताने जमीन वाचली, एवढ्याने पेणचा प्रश्न सुटला असे नव्हे. वाचलेल्या जमिनीवर शेतकऱ्याच्या मुलाला प्रतिष्ठेने जगता येईल असे काम मिळाले काय, हा प्रश्न उरतोच. शेन्झेनने कोट्यवधी तरुणांना काम दिले, ही गोष्ट नाकारून तो सुटणार नाही. नकार देण्याचा अधिकार हा लोकशाहीचा आरंभ आहे. त्यापुढचे काम उभे करणे हेही लोकशाहीचेच कर्तव्य आहे. रेंगाळलेला महामार्ग हा लोकमताचा दोष नाही. तो कंत्राटे, देखरेख आणि जबाबदारी यांतील ढिलाईचा दोष आहे. शेतकऱ्याला विचारल्यामुळे रस्ता अडतो, ही समजूत सोयीची आहे, म्हणूनच ती लोकप्रिय आहे.

पाहण्याची दुसरी रीत

चीनचे पहिले दर्शन नेहमीच फसवे ठरते, असेही नाही. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख चीनला गेल्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला होता. चिंतामणरावांचे बालपण रोह्यात गेलेले, आणि तेव्हा ते कुलाबा मतदारसंघाचे खासदार व देशाचे अर्थमंत्री होते. दुर्गाबाईंनी तेथे कौटुंबिक न्यायालयांचे काम बारकाईने अभ्यासले. परत आल्यावर त्यांनी ‘चीनसारखे करा’ अशी घोषणा दिली नाही. न्यायमूर्ती छागला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि पंडित नेहरू यांच्याशी त्या याविषयी बोलल्या, आणि कल्पना येथील कायद्याच्या चौकटीत बसविण्याचा आग्रह धरला. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला. एक लहान संस्था पाहावी, ती कशी चालते ते समजून घ्यावे आणि आपल्याकडील जाणत्यांकडून पारखून घ्यावी, ही पाहण्याची डोळस रीत होय.

त्याहून खोल रीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, आघाडीवरच्या रुग्णालयांत राबले, चिनी भाषा शिकले, तेथेच संसार मांडला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथील मातीतच विसावले. चार वर्षांत त्यांना जो चीन कळला, तो चार आठवड्यांच्या पाहुण्याला कळणे शक्य नव्हते. सातव्या शतकात महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग हाही भारतात वर्षानुवर्षे राहिला, येथील भाषेत शिकला. म्हणूनच त्याची साक्ष आजही इतिहासकार उलगडून पाहतात.

ही परंपरा मराठी माणसाला परकी नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांनी चिनी बौद्ध ग्रंथांच्या अध्ययनाचा पाया घातला. १९४७ मध्ये चीनला शिकण्यासाठी गेलेले वसंत परांजपे १९५४ मध्ये नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषी होते. आज चीनशी आपला व्यापार अफाट आहे आणि सीमेवरचा तणावही खरा आहे. पण चिनी वृत्तपत्र मुळातून वाचू शकणारी माणसे महाराष्ट्रात फार थोडी आहेत. म्हणून आपण दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहतो, किंवा घाईने पाहतो.

मराठी तरुणांनी चीनला अवश्य जावे. ज्यांना जाता येत नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठांनी चिनी भाषेचे आणि चीनच्या समाजरचनेचे वर्ग चालवावेत. जाणाऱ्याने मात्र एवढे लक्षात ठेवावे, की आपण पाहिले ते कोणी दाखविले, कोणाला भेटू दिले नाही, आणि समोरच्या भव्यतेची किंमत कोणी मोजली, हे विचारल्यावाचून पाहणे पुरे होत नाही. हे प्रश्न १९५६ मध्ये दोघांनी विचारले आणि २००८ मध्ये पेणच्या शेतकऱ्यांनी मतपत्रिकेवर विचारले. ते विचारणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरविण्याची सवय आपण सोडली, तर चीनकडून जे घेण्यासारखे आहे, ते निर्भयपणे घेता येईल.