शेळीचं अर्धं तिकीट

सुट्टी लागली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांचे पराक्रम यायला लागतात. या आठवड्यात पुस्तकं आली. 'आमच्या चिरंजीवांचं पहिलं पुस्तक' अशा मथळ्याखाली रंगीत, गुळगुळीत पानं. चौकशी केली तेव्हा कळलं, की मुलानं एक ओळ सांगितली, वडिलांनी ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कुठल्याशा ॲपमध्ये टाकली आणि चहा होईपर्यंत पुस्तक तयार. कुठे शहाणा ससा, कुठे घाबरट हत्ती आणि शेवटच्या पानावर मैत्रीचं महत्त्व. पुस्तक मुलाचं म्हणायचं आणि त्यात त्याचे शब्द नाहीत, त्याची रेघ नाही, त्याचा हट्ट नाही. मला हे फार लागलं.

लागलं, कारण हेच काम संगणकावर मुलांसोबत किती छान होतं, ते मी दर शनिवारी बघते. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुलांचा कट्टा भरतो. तिथे आम्ही 'स्टोरीवीव्हर' वापरतो. बंगळुरूच्या 'प्रथम बुक्स' या ना-नफा प्रकाशनसंस्थेनं ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, हे संकेतस्थळ सुरू केलं. आज तिथे तीनशेहून अधिक भाषांतली पुस्तकं आहेत, मराठीतलीही भरपूर, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली. चित्रकारांनी काढलेल्या चित्रांचा मोठा साठा आहे. त्यातलं चित्र निवडायचं, पानावर बसवायचं, खाली मजकूर लिहायचा. स्वतः काढलेलं चित्रही चढवता येतं. सगळं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे कुणीही वाचावं, छापावं, भाषांतर करावं, बदलावं. अट एवढीच, की मूळ लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव द्यायचं. या अटीकडे मी परत येणार आहे.

गेल्या शनिवारी कट्ट्यावर दुसरीतल्या एका मुलीनं शेळीचं चित्र निवडलं. शेळी नुसती उभी होती. मुलगी म्हणाली, ही एसटीची वाट बघतेय. मुलं सांगतात आणि मी टाइप करते, असा आमचा रिवाज. प्रत्येक वाक्य झालं की मी मोठ्यानं वाचून दाखवते आणि मूल म्हणतं, "असं नाही म्हटलं मी." मग पुन्हा. या 'असं नाही म्हटलं मी'साठीच तर संगणक हवा. कागदावर खोडाखोड झाली की मुलं हिरमुसतात; इथे वाक्य पुसलं, हलवलं, दुसऱ्या पानावर नेलं तरी पान स्वच्छ राहतं. वेग हा या साधनाचा गुण नव्हेच. त्याचा गुण हा, की मुलाला मन बदलायला भरपूर वाव मिळतो.

शेळी एसटीत चढली. कंडक्टरनं तिला अर्धं तिकीट दिलं. का? "ती बाई आहे ना!" महिलांना एसटीत निम्मं भाडं मार्च २०२३ पासून लागू झालंय आणि या मुलीनं ते जन्मापासूनच्या नियमासारखं गृहीत धरलंय. शेळीबरोबर करडू होतं. ते पाच वर्षांच्या आतलं, म्हणून फुकट. पुढच्या स्टॉपवर चेकर चढला आणि तोवर शेळीनं तिकीट खाऊन टाकलं होतं.

इथे सगळी खोली गप्प झाली, कारण पुढे काय हे खरोखरच कुणालाही माहीत नव्हतं. मुलगी बराच वेळ खुर्चीची कड कुरतडत बसली. मग म्हणाली, "कंडक्टर बोलला, तिकीट पोटात आहे साहेब, मी स्वतः फाडलंय." चेकरनं शेळीच्या पोटाला कान लावला आणि म्हणाला, ठीक आहे.

न्यायला आलेले एक पालक मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी प्रेमानंच सुचवलं, "शेवटी लिही बाळा, म्हणून तिकीट नेहमी जपून ठेवावं." मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. "पण काका, तिला आवडलं होतं ते." गोष्ट तिथेच संपली आणि तशीच राहिली. मुलांच्या गोष्टीला शेपटासारखं तात्पर्य जोडायची आपल्या मोठ्यांची ही खोड मला अजिबात सहन होत नाही. ज्या मुलीनं कंडक्टरला शेळीच्या बाजूनं उभं केलं, तिला आपण काय शिकवणार?

खरी अडचण बसची होती. कुठल्याही तयार साठ्यात आपल्या मनातली नेमकी बस कशी सापडावी? मग तिनं कागदावर काढली. लाल, चाकं वेगवेगळ्या मापाची, आणि कंडक्टर बसपेक्षा उंच, कारण गोष्टीत तो महत्त्वाचा. आम्ही मोबाइलवर फोटो काढून तो चढवला. तिनं आधी त्या पानावर 'ही लाल एसटी आहे' असं सांगितलं होतं. चित्र बसल्यावर म्हणाली, "आता हे पुसा, दिसतंच आहे." चित्र जे सांगतं ते शब्दांनी परत सांगायचं नाही, हे चित्रपुस्तकाचं मर्म तिला बस काढल्यामुळे कळलं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मुलं पुन्हा पुन्हा मागतात त्याचंही हेच कारण असावं. तिथे लिहिणारी आणि चित्रं काढणारी एकच व्यक्ती असते आणि मजकुरात नसलेलं कितीतरी चित्रात सापडतं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर श्रेय येतं. लेखिकेचं नाव आलं, बसच्या चित्राखाली पुन्हा तेच आलं आणि शेळीच्या चित्राखाली भलतंच नाव. मुलीनं विचारलं, हे कोण? मी सांगितलं, शेळी त्यांनी काढली. "पण त्यांना माहितीय का, की शेळी एसटीत बसली?" नसणार, म्हटलं. तिला ते मुळीच पटलं नाही. आपण कुणाची तरी शेळी गावाला नेली आणि त्यांना सांगितलंही नाही!

मला या प्रश्नाचा किती आनंद झाला, ते सांगता येत नाही. चित्र कुणीतरी माणसानं बसून काढलेलं असतं, हे आपण मुलांना सांगतच नाही. वाढदिवसाच्या फलकांवर, शाळेच्या भिंतींवर, फॉरवर्ड होणाऱ्या शुभेच्छांमध्ये चित्रकाराची सही कापून चित्र वापरलं जातं. नाव देणं ही या परवान्याची एकमेव अट, आणि तीच आपल्याला सर्वांत जड जाते. गोष्ट वाचून दाखवताना आपण पुस्तकाचं नाव घेतो, फार तर लेखकाचं. चित्रं कुणाची, ते मनातसुद्धा वाचत नाही. मिनिटात तयार होणाऱ्या त्या पुस्तकांत तर विचारायचीही सोय नाही. तिथे शेळी कुणाचीच नसते.

तेव्हापासून मुलांना चित्रकारांची नावं शोधायचं वेड लागलंय. कपाटातली पुस्तकं खाली उतरली. नॅशनल बुक ट्रस्टच्या जुन्या, पातळ पुस्तकांवर मिकी पटेल, पुलक बिस्वास अशी नावं सापडली, तेव्हा तर आरडाओरडाच झाला. त्यातला हत्ती ओळखीचा होता, आता त्याचा माणूसही सापडला. मिकी पटेलांनी पानावर आडवा हत्ती कसा बसवलाय, हे एक मुलगा बाकीच्यांना हातवारे करून समजावत होता.

एका जुन्या मराठी पुस्तकात मात्र नाव नाहीच. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आतला बारीक मजकूर, सगळं भिंग घेऊन तपासून झालं. त्यातला बैल इतका देखणा आहे, की तो निनावी राहणं मुलांना मान्य नाही. प्रकाशकांना पत्र लिहायचं ठरलंय. मायना 'प्रिय' असावा की 'आदरणीय', यावर परवा जोरदार भांडण झालं. नाव न छापणाऱ्यांना आदरणीय का म्हणायचं, असं शेळीवाल्या मुलीचं म्हणणं आहे. पत्रात बैलाचं चित्र काढून पाठवायचं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, आणि त्या चित्राखाली काढणाऱ्याचं नाव असेल.