पूल वरून, सायकल खालून

आमच्या नगरचा उड्डाणपूल १९ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाला. सक्कर चौकात चढायचं, तीनेक किलोमीटर वरूनच जायचं. छान झालं, पूल हवाच होता. पण मंडळी, असं काम चालू असताना खालच्या सायकलवाल्यांचं काय होतं, याचा विचार कुणी करत नाही.

रस्त्याच्या मधोमध पत्रे लागले की उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत एसटी, ट्रक, रिक्षा सगळेच घुसतात. सायकल ढकलली जाते कडेला, म्हणजे खडीत, वाळूत नाहीतर गटारावर. डायव्हर्शनने मोटारवाल्याला पाच मिनिटं उशीर होतो. मार्केट यार्डात हमालीला निघालेल्याचे पाय कामाआधीच दमतात. मग तो हप्त्यावर मोटारसायकल घेतो. काम संपतं, हप्ते मात्र चालूच! सायकल भंगारात.

इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली, काम चालू असलेल्या रस्त्यांवरच्या वाहतुकीसाठी सुधारित मार्गदर्शिका काढली. पादचारी आणि सायकलवाल्यांचा विचार तिच्यातही आहे. मग पुढच्या कामाला पत्र्यांकडेने मीटरभर सलग, स्वच्छ पट्टी सोडा की! पुलाच्या खर्चात ती कुठे दिसणारही नाही. सायकलवाल्याला पूल नको, तेवढी पट्टी पुरे.