टूलनं दिला स्कीमा, तपासतो कोण?

'आमचा डेटाबेस स्कीमालेस आहे' असं छाती फुगवून सांगणारा भेटला की मी एवढंच विचारतो: मग नियम राहतो कुठे? उत्तर ठरलेलं. नियम कोडमध्ये आहे, आणि तो कोड लिहिणारा नोटीस पीरियडवर आहे. आमच्या पिंपळे सौदागरात असे वीर दर सोसायटीत दोन-चार सापडतात. दिवसा हिंजवडी नाहीतर चाकणच्या क्लायंटकडे चक्कर, आणि रात्री अकराला घरून प्रॉडक्शनवर निस्तरणं.

मोंगोडीबीच्या नावानं बोटं मोडू नका. डेटा तपासायची सोय त्यांनी 2015 सालीच, 3.2 आवृत्तीत दिली. 2017 च्या 3.6 मध्ये जेसन स्कीमा आला आणि एकात एक गुंतलेल्या रचनेला थेट आतपर्यंत नियम लावणं सोपं झालं. आम्ही त्यावर आळशी तोडगा काढला. आहे त्याच डेटावर टूल सोडायचं, हजारेक डॉक्युमेंट चाळून घ्यायची आणि जे बाहेर पडेल ते व्हॅलिडेटर म्हणून चढवायचं. आता तर एआयला सांगितलं की चहा येईपर्यंत स्कीमा तयार. चोरालाच पंचनामा लिहायला बसवायचं, दुसरं काय!

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे तपासणी अहवाल पाहा. बॅचमध्ये पार्ट, पार्टमध्ये ऑपरेशन, ऑपरेशनमध्ये मोजमापं, आणि प्रत्येक मोजमापात रीडिंगची यादी. टूलला रीडिंगमध्ये तीन प्रकार दिसले: इंट, डबल आणि स्ट्रिंग. त्यानं उदार मनानं तिन्हींना परवानगी दिली. पहिल्या दोघांतला भेद तर निव्वळ बनावट. नोडचा ड्रायव्हर 25 ला इंट म्हणून ठेवतो आणि 25.02 ला डबल म्हणून; मायक्रोमीटरच्या दृष्टीनं दोन्ही मिलिमीटरच. तिथे 'नंबर' लिहिलं की काम संपलं. पण स्ट्रिंग कुठून आली? तिथे 'ओके' लिहिलं होतं. लाइनवरच्या इन्स्पेक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "सर, ते बोअर प्लग गेजनं बघतो आपण. गो आत गेलं, नो-गो गेलं नाही, की पार्ट ओके. त्याला आकडा कुठून आणू?"

म्हणजे गेजच्या नोंदीत 'ओके' बरोबर आणि मायक्रोमीटरच्या नोंदीत तोच शुद्ध कचरा. साधन गेज असेल तर निकाल ओके किंवा रिजेक्ट, मायक्रोमीटर असेल तर आकडाच हवा. 'वनऑफ' वापरून हे थोडक्या ओळींत लिहिता येतं. त्यासाठी मात्र एसीतून उठून शॉप फ्लोअरवर जावं लागतं. टूलच्या स्कीमात मायक्रोमीटरसमोर कुणी 'ओके' ठोकून दिलं तरी डेटाबेसची हरकत नसते.

उलट बाजू याहून भारी. नमुना निघतो तो धड चाललेल्या दिवसांचा. रीवर्क, डेव्हिएशनची मंजुरी असले रकाने क्वचितच भरलेले, ते हजारात आलेच नाहीत. वर कुणीतरी शिस्तीच्या जोशात 'ॲडिशनल प्रॉपर्टीज' बंद केल्या. मग ज्या दिवशी माल बिघडतो, नेमकी त्याच दिवसाची नोंद नाकारली जाते! रात्रपाळीचा फोन येतो, इकडून एक शहाणा 'एरर'चं 'वॉर्न' करतो आणि झोपतो. इशारे लॉगमध्ये साचत राहतात, ते वाचायला कुणाला पगार मिळत नाही. पूर्वी 'व्हॅलिडेशन फेल' एवढंच कळायचं, कुठे अडलं ते नाही. 2021 च्या 5.0 पासून कारणही सविस्तर येतं. तेव्हा तीही सबब संपली.

आतल्या पातळीची गंमत वेगळीच. 'मोजमापं' हा रकानाच सक्तीचा केला नसेल तर त्याच्या आत लिहिलेली सगळी सक्ती गप्प बसते. रकाना गायब, तरी डॉक्युमेंट पास. तो असला आणि रीडिंगची यादी रिकामी असली तरीही पास, कारण 'मिनआयटम्स' लिहायचं कुणाला सुचलेलं नसतं. कागदोपत्री पार्ट तपासला, रीडिंग शून्य. आणि मोंगूस लायब्ररीवर विसंबून निर्धास्त राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: तिथले 'अपडेट'चे व्हॅलिडेटर मुद्दाम चालू केल्याशिवाय चालत नाहीत.

'स्कीमा जनरेट केलाय, फक्त अप्रूव्ह करा' अशी पुल रिक्वेस्ट आली की मी ओळी वाचत बसत नाही. रिकाम्या रीडिंगचं एक डॉक्युमेंट टाकून बघतो. ते आत गेलं, की रिक्वेस्ट परत.