पोरं घेऊन परदेशातून येताय? एक मुक्काम वाटेत होऊ द्या

मे-जून आला की आपल्या कराड-सातारा-सांगली पट्ट्यात एक ठरलेली लगबग सुरू होते. तिकडे अमेरिकेतल्या शाळांना सुट्ट्या लागतात, इकडे लग्नसराई असते, कुणाच्या नातवाचं जावळ राहिलेलं असतं, कुणाचं ज्योतिबाला जायचं राहिलेलं असतं. लेक, जावई, सून, नातवंडं येणार म्हणून घराला रंग लागतो, बाथरूममध्ये कमोड बसतो, फ्रीज मोठा येतो. आणि सगळ्या घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी येणार पोरं, त्यात वाटेत थांबून दिवस कशाला घालवायचा? थेट या म्हणावं घरी."

मंडळी, मला नेमकं याच वाक्यावर बोलायचंय. घरात दोन, तीन, चार वर्षांचं लेकरू असेल तर हे "थेट घरी" प्रकरण आपण जरा थांबवायला पाहिजे.

आधी हिशेब मांडू. न्यूयॉर्कच्या बाजूने निघालेलं कुटुंब घरातून विमानतळावर तीन-चार तास आधी पोचतं. थेट विमान मिळालं तर पंधरा-सोळा तास हवेत. मुंबईत उतरून इमिग्रेशन, सामान, कस्टम यात दीड-दोन तास. मग गाडीने कराडपर्यंत तीनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे सहा-सात तास, वाटेत ट्रॅफिक लागलं तर आठ. एकूण झाले जवळजवळ तीस तास. विमान बदलून आले तर पस्तीस-चाळीससुद्धा होतात. मोठा माणूस यात पिळून निघतो. दोन वर्षांच्या पोराला तर आपण कुठं चाललोय, का चाललोय, हे संपणार कधी, यातलं काहीच कळत नसतं. त्याला एवढंच कळतं की आई चिडलीय, बाबा गप्प आहेत आणि पायात सीटबेल्ट अडकलाय.

आता काहीजण म्हणतील, अहो, विमान बदलतात की मध्ये, तोच ब्रेक. तो ब्रेक नव्हे. दोन तासांत विमान बदलायचं म्हणजे झोपलेलं पोर उचलायचं, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा बूट काढा, दुधाच्या बाटल्या दाखवा, ट्रेन पकडून दुसऱ्या टर्मिनलला पळा. आणि सात-आठ तासांचा, रात्री एक ते सकाळी आठ असा लेओव्हर तर सगळ्यात वाईट. हॉटेलला जावं तर वेळ कमी, बसून राहावं तर वेळ जास्त. तान्हं बाळ असेल, बॅसिनेटमध्ये मावणारं, तर मी म्हणेन सरळ थेट विमानाने या. बॅसिनेटला साधारण दहा-अकरा किलोपर्यंतची मर्यादा असते आणि ती जागा आधी मागून घ्यावी लागते. पण पोर चालायला लागलं, पळायला लागलं, की एकतर थेट या, नाहीतर एक अख्खी रात्र पलंगावर पाठ टेकवून या. मधलं काही करू नका.

आणि विमान थांबलं म्हणजे पोर थांबलं असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना वळसा घालून व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. थांबा झाला विमानाचा. प्रवास उलट लांबला.

बरं, थांबायचं तर कुठं? नकाशा बघितला तर सोयीची जागा युरोप. न्यूयॉर्कहून लंडन-फ्रँकफर्ट सात-आठ तास, तिथून मुंबई आठ-नऊ तास. बरोबर मधोमध. पण इथं आपला पासपोर्ट आडवा येतो. अमेरिकेत जन्मलेलं पोर अमेरिकन पासपोर्टवर जर्मनीत व्हिसाशिवाय आत जाऊ शकतं. त्याचे आई-बाप एच-वन-बीवर, भारतीय पासपोर्टवाले. त्यांना एका रात्रीसाठी बाहेर पडायचं तर शेंगेन व्हिसा काढा, माणशी ९० युरो भरा, अपॉइंटमेंट शोधा, बँकेची स्टेटमेंटं जोडा. म्हणजे दोन वर्षांच्या लेकराला दार उघडं आणि त्याला कडेवर घेतलेल्या आईला बंद. पासपोर्टवरचा अमेरिकेचा स्टॅम्प संपलेला असेल तर युरोपातल्या काही विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही अडचण होते. हे तिकीट काढायच्या आधी बघायचं असतं, नंतर नाही. आपल्या पासपोर्टची ताकद वाढली म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण ती ताकद मला तरी अशाच ठिकाणी मोजावीशी वाटते.

राहिलं आखात. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना दुबई-अबूधाबीत उतरल्यावर चौदा दिवसांचा व्हिसा मिळतो, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक पाहिजे. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी एकदा तपासा. हॉटेलं मिळतात, जेवण आपल्या तोंडाचं मिळतं. पण अडचण अशी की न्यूयॉर्क ते दुबई हेच बारा-तेरा तास, कॅलिफोर्नियातून पंधरा-सोळा. तिथून मुंबई फक्त तीन तास. म्हणजे गड चढून झाल्यावर माचीवर विसावल्यासारखं. मग थांबून फायदा काय?

फायदा आहे, आणि तो मोठा आहे. आखातातून, युरोपातून मुंबईला येणारी बरीच विमानं मध्यरात्री ते पहाटे चारच्या दरम्यान उतरतात. दुबईत एक रात्र काढली की तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान धरू शकता आणि दुपारी, उजेडी मुंबईत उतरू शकता. पोरं झोपून उठलेली, अंघोळ झालेली, पोटात काहीतरी गेलेलं. आपल्या भागातल्या माणसासाठी उतरायची वेळ ही प्रवासाच्या लांबीइतकीच महत्त्वाची आहे, कारण आपला प्रवास मुंबईत संपत नाही. मुंबईत तो हायवेला लागतो.

इथं मी जरा कडक बोलणार आहे. बातमीदारीत इतकी वर्षं गेली. पहाटेचा फोन वाजला की निम्म्या वेळा तो हायवेवरच्या अपघाताचा असतो. तीन ते सहा ही वेळ वाईट. आता विमानतळावरच्या गाडीचं गणित बघा. ड्रायव्हर कराडातून संध्याकाळी पाचला निघाला. बारा वाजता विमानतळावर पोचला. विमान अडीचला उतरलं, मंडळी चारला बाहेर आली. गळाभेट झाली, सहा बॅगा टपावर चढल्या आणि गाडी लगेच परत निघाली. तो माणूस आदल्या सकाळपासून जागा आहे हो! पुढं खंबाटकीचा घाट आहे, साताऱ्यापासून खाली सहापदरीकरणाची डायव्हर्जनं आहेत. आणि मागच्या सीटवर, अमेरिकेत कार सीटशिवाय ज्याला दवाखान्यातून घरी नेता आलं नव्हतं ते लेकरू, मामाच्या मांडीवर. बेल्ट कुणालाच नाही. चौदा हजार किलोमीटर हवेतून सुखरूप आणायचं आणि शेवटचे तीनशे असे काढायचे, याला काय म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं असं की बाकी कुठं थांबणं जमलं नाही, पैसे नाहीत, व्हिसा नाही, तरी एक मुक्काम मुंबईत कराच. आणि यासाठी आपल्याकडे जी सोय आहे ती जगात कुणाकडे नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातलं असं घर दाखवा ज्याचं कुणी कोपरखैरणे, घणसोली, कामोठे, पनवेलला नाही. माथाडीत गेलेली आपली माणसं आहेत ती. आत्या आहे, मावशी आहे, चुलतभाऊ आहे. घर लहान असेल, वन-आरके असेल, पण गादी टाकून पोरं आठ तास झोपतील, सकाळी गरम वरण-भात खातील आणि ड्रायव्हरही खाली गाडीत का होईना, झोप काढेल. अमेरिकेतल्या जावयाला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मावशीला त्याहून जास्त वाटतो, तिच्याकडे वेस्टर्न टॉयलेट नाही म्हणून. दोघांनीही सोडून द्यावं. ज्याला परवडतं त्याने हॉटेल घ्यावं, पण विमानतळाजवळच्या खोल्यांचे भाव काय असतात हे त्यांनाही ठाऊक आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली, सुरुवात देशातल्या विमानांनी झाली. परदेशातली विमानं तिथं जशी वाढतील तसा आपला कामोठे-पनवेलचा मुक्काम आणखी हाताशी येईल.

सगळ्यात जास्त काळजी एकट्या येणाऱ्या आईची वाटते. नवऱ्याला रजा नाही, तो शेवटच्या आठवड्यात येणार, ही दोन पोरं घेऊन पुढं येते. दोन वर्षांखालचं एकच मूल एका मोठ्या माणसाच्या मांडीवर बसवता येतं, दुसऱ्याला सीट लागतेच. आणि मूल प्रवासाच्या मध्ये दोन वर्षांचं होत असेल तर परतीला त्याचंही पूर्ण सीट काढावं लागतं, हे अनेकांना विमानतळावर कळतं. अशा बाईला परक्या शहरात एकटीने मुक्काम करा म्हणणं सोपं नाही. तिने शक्य तर थेट विमान धरावं, नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवावं, आणि भावाने आदल्या दिवशी मुंबईत येऊन झोपावं, मगच घ्यायला जावं.

वाटेत मुक्काम करायचा असेल तर तो एकाच तिकिटात करा. वेबसाइटवर मल्टी-सिटी म्हणून पर्याय असतो, किंवा एजंटाला सांगा. चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात तर त्याला स्टॉपओव्हर म्हणतात, सामान ताब्यात घ्यावं लागतं. त्याहून कमी असेल तर बहुतेक वेळा बॅगा थेट मुंबईला जातात, म्हणून पोरांचे दोन जोड कपडे, डायपर, औषधं हातातल्या बॅगेत पाहिजेत. स्वस्त पडतंय म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. जून २०२५ मध्ये कतारने काही तास हवाई हद्द बंद केली होती, तेव्हा किती माणसं अडकली ते आपण पाहिलंच.

आणि परत जाताना आखातात मुक्काम असेल तर एक गोष्ट आज्यांसाठी. खसखस! अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही. आपल्या डिंकाच्या लाडवात खसखस, अनारशावर खसखस. बाळंतिणीसाठी प्रेमाने दिलेला डबा तिथं पोलिसी भानगड होऊ शकतो. लाडू द्या, खसखस वगळून द्या.

तसंच, "थोडं सर्दीचं औषध पाजा, झोपतंय पोरगं" हा सल्ला बंद करा. बालरोगतज्ज्ञ झोपेसाठी असं औषध द्यायला नको म्हणतात, आणि काही पोरं त्याने झोपायच्या ऐवजी उलटी पिसाळतात. मग सोळा तास काय ते बघा.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. कॅलिफोर्निया आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक आहे, म्हणजे पोराच्या लेखी दिवसाची रात्र. आल्या दिवशी दुपारी पन्नास माणसं बोलावून, औक्षण करून, फोटो काढून, "आजीकडे ये बघू" म्हणून ओढलं की ते रडणारच. मग आजीचे डोळे भरतात, "परकं केलं हो पोरीने लेकराला". लेकराने परकं केलेलं नसतं, त्याला झोप आलेली असते. एक दिवस वाटेत गेला म्हणून हळहळणारी घरं मी बघतो, आणि त्याच घरांत पहिले चार दिवस पोर आजारी म्हणून दवाखान्याच्या बाकावर गेलेले असतात. ते कुणी मोजत नाही. ज्योतिबा पाचव्या दिवशीही तिथंच असतो.

सरकारकडे मागायचं तर मी एकच मागेन. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष ही कल्पना आपल्याच महाराष्ट्राची. तशी खोली पनवेल ते कागल हायवेवरच्या प्रत्येक मोठ्या फूडमॉलला आणि टोलनाक्याला का नको? टोल तर आपण भरतोच. बाळाचा डायपर बदलायला गाडीची डिकी उघडून उन्हात उभं राहणारी बाई रोज दिसते, आणि ती काही फक्त अमेरिकेहून आलेली नसते. आमदार-खासदारांच्या पेजवर ही मागणी टाका, मीही टाकतोय.

पनवेल, कामोठे, खारघर भागात लहान मुलांसकट एका दिवसासाठी परवडणारी, स्वच्छ खोली मिळते असं ठिकाण कुणाला माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये नाव आणि भाडं लिहा. गरम पाणी आहे का आणि गाडी लावायला जागा आहे का, तेवढं आवर्जून सांगा. ड्रायव्हरला झोपायची वेगळी सोय असेल तर तेही.