गुंतलेले फोटॉन सर्वांशी जोडलेले नसतात

विश्वातली प्रत्येक गोष्ट इतर प्रत्येक गोष्टीशी जोडलेली आहे आणि क्वांटम विज्ञानाने ते सिद्ध केले आहे, असा दावा प्रवचनांत, आरोग्याच्या जाहिरातींत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास केला जातो. त्यासाठी एन्टँगलमेंटचा, म्हणजे दोन कणांच्या एकमेकांत गुंतलेल्या अवस्थेचा दाखला दिला जातो. माझ्या मते प्रयोगांतला पुरावा नेमका या दाव्याच्या विरोधात जातो.

१९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी शंका काढली होती, की अशा कणांची उत्तरे आधीच ठरलेली असावीत, प्रत्येकाने जन्मतःच आपली चिठ्ठी खिशात घेऊन निघावे तशी. तसे असेल तर दोन टोकांच्या मोजमापांचा मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवले. १९७२ मध्ये बर्कलीत क्लॉझर आणि फ्रीडमन यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनच्या जोड्या तपासल्या आणि ती मर्यादा ओलांडलेली आढळली. पुढे पॅरिसजवळ ऑर्से येथे आस्पे यांनी कसोटी आणखी कडक केली. २०१५ मध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन फोटॉनच्या मध्यस्थीने गुंतवून आधीच्या प्रयोगांत उरलेल्या मुख्य पळवाटाच बुजवल्या. बेल यांची मर्यादा २ होती, त्यांना २.४२ मिळाले. निसर्ग खरोखरच असा विलक्षण आहे, याबद्दल आता वाजवी शंका उरलेली नाही.

पण त्याच प्रयोगातली दुसरी संख्या पाहा: सुमारे २२० तासांच्या मोजमापात उपयोगी फेऱ्या मिळाल्या अवघ्या २४५. हिरे अतिथंड ठेवूनही ही गत, कारण बहुतेक फोटॉन वाटेतच हरवतात आणि भोवतालचा जरासा स्पर्शही जोडी विसकटून टाकतो. शिवाय हे नाते एकनिष्ठ असते. एक कण दुसऱ्याशी पूर्णपणे गुंतला, तर तिसऱ्याशी तो जराही गुंतू शकत नाही. एन्टँगलमेंटवर आधारित गुप्त संदेशवहनाचा भरवसा यावरच उभा आहे: तिसऱ्याने कान लावला की दोघांचा मेळ ढळतो आणि ते उघडकीस येते. २०२२ मध्ये अहमदाबादेत इस्रोच्या आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ३०० मीटर मोकळ्या हवेतून एन्टँगलमेंटवर आधारित गुप्त किल्ली तयार करून दाखवली. सगळेच सगळ्यांशी सारखे घट्ट गुंतलेले असते, तर ही किल्ली बनलीच नसती.

यावर कोणी म्हणेल, की कण भोवतालाशी सतत गुंततच असतात, मग सगळे जोडलेले नाही कसे? गुंततात हे खरे. पण तो गुंता असंख्य कणांत पसरतो आणि कोणत्याही दोघांच्या वाट्याला हाती लागण्याजोगे काही उरत नाही. शुद्ध जोडीतसुद्धा एका टोकाला दिसते ती निव्वळ यादृच्छिक आकड्यांची यादी. दोन्ही याद्या साध्या मार्गाने शेजारी आणल्यावरच मेळ कळतो, त्यामुळे या नात्यातून ना निरोप जातो, ना उपचार. क्वांटम सिद्धान्ताच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या श्रोडिंगर यांना वेदान्ताची ओढ होती हेही सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. मात्र ती ओढ त्यांच्या प्रसिद्ध समीकरणाच्या आधीची होती, त्यातून निघालेला निष्कर्ष नव्हे. अद्वैताची बैठक तत्त्वचिंतनाची आहे, तिला फोटॉनचे प्रमाणपत्र कशाला हवे?

श्रद्धेपुरते असेल तर बिघडले कुठे, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. प्रवचनापुरते फारसे बिघडत नाही. पण ‘क्वांटम’ लहरींनी लांबून रोग बरा करण्याचे पैसे घेतले जातात, तेव्हा रुग्णाचा उपचाराचा काळ वाया जातो. औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून आपल्याकडे कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच येतात. क्वांटमच्या नावाने विकली जाणारी रोगमुक्तीही प्रशासनाने त्याच पंगतीत बसवावी आणि जाहिरातदाराला विचारावे: कोणते दोन कण गुंतवले, कशाने मोजले, आणि बेल यांची मर्यादा कितीने ओलांडली?